मांडवकरच्या विमानाचा कंडक्टर

"ब्रेक मार," मी म्हणालो.

मांडवकरने उजवा पाय कातळावर दाणकन दाबला. विमानाला ब्रेक नव्हता, आणि असता तरी तो मांडवकरच्या चपलेखाली नसता. विमान सरळ जाऊन करवंदीच्या जाळीत घुसलं आणि जाळीतून एक ससा जीव घेऊन पळाला.

मांडवकर खाली आपल्या पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून मारला."

म्हणजे चूक माझी. गाडी कुठेही ठोकली की चूक कंडक्टरची, हे आमच्यात नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठरलेलं होतं. रिटायर झालो तरी त्यात फरक पडला नाही.

मी गोविंद पाष्टे, एसटीचा कंडक्टर, ड्रायव्हर लोकांच्या भाषेत मास्तर. आत्माराम मांडवकर माझा ड्रायव्हर. ड्युट्या बदलत राहतात, म्हणून कंडक्टर-ड्रायव्हरची जोडी सहसा टिकत नाही. आमची टिकली, कारण माझी बडबड दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरला सोसत नव्हती आणि मांडवकरचं गप्प बसणं दुसऱ्या कुठल्या कंडक्टरला. गावं दोघांची शेजारशेजारची, राजापूर तालुक्यातली, मध्ये हा सडा. सडा म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचं उघडं, सपाट कातळ. झाड नाही, घर नाही, पावसाळा सरला की नुसतं वाळकं गवत आणि समुद्राकडून येणारा वारा. विमान शिकायला याहून चांगली जागा नाही, आणि आपटायलाही.

विमान मूळचं त्याच्या जावयाचं, मिलिंदचं. दिवाळीला सासुरवाडीला येताना तो ते हौसेने घेऊन आला, अंगणात उडवायला गेला आणि पहिल्याच फटक्यात फणसावर घातलं. "बाबा, राहू दे इथंच," म्हणून चेहरा पाडून चिपळूणला परत गेला. आम्ही रिटायर होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. मांडवकरच्या हाताला काही काम नव्हतं. जेवताना ताट धरायचा तेही दोन्ही बाजूंनी, स्टिअरिंगसारखं. त्याने ते मोडकं विमान मांडीवर घेतलं आणि माझ्या घरी निरोप धाडला की ड्युटी लागली आहे, ये.

माझ्या हाताएवढं लांब, थर्माकोलचं. नाकावर पंखा, पोटात बॅटरी, खाली चाकं. सोबत रिमोट, त्याला दोन दांडे. डावा दांडा वर सरकवला की पंखा जोरात फिरतो. उजवा आडवा हलवला की विमान वळतं, आपल्याकडे ओढला की नाक वर करतं. मी म्हटलं, यापेक्षा आपल्या गाडीचा दरवाजा लावायला जास्त अक्कल लागत होती. मांडवकर मोडलेल्या पंखावरून बोटं फिरवत होता.

दुरुस्तीला त्याने काय आणावं, तर पंक्चरचं सोल्यूशन. आयुष्य डेपोत गेलेला माणूस, त्याच्या दृष्टीने जगात चिकटवायला दुसरं काही निघालेलंच नाही. दोन्ही तुकड्यांना सोल्यूशन लावलं, रीतसर फुंकर घातली आणि सुकायची वाट बघत आम्ही चहा घेतला. चहा संपेपर्यंत पंखाला मुठीएवढं भोक पडलं होतं. सोल्यूशनने थर्माकोल खाऊन टाकलं होतं.

"ट्यूबला तर कधी काही होत नाही," मांडवकर म्हणाला.

मग आम्ही सुताराचा पांढरा गोंद आणला. आत खराट्याचे हीर खुपसले, वरून खाकी रंगाची पॅकिंगची पट्टी गुंडाळली. ते मात्र जमलं. त्यानंतर प्रत्येक आपटण्याला एक पट्टी आणि दोन हीर असा हिशेबच बसला. माझ्या घरचा खराटा बारीक होत चालला, ही ओरडायला लागली, आणि पांढरं शुभ्र विमान हळूहळू कातळाच्या रंगाचं झालं.

एकदा शेपटीला इतकी पट्टी लागली की उडाल्याबरोबर त्याने नाक आभाळाकडे केलं, जागच्या जागी थबकलं आणि पाठीवर पडलं. यात माझा अभ्यास दांडगा होता. मागच्या बाकांवर गर्दी झाली की गाडी कशी चालते हे मला कोणी शिकवायला नको. मी म्हटलं, पॅसेंजर पुढे सरकवायला पाहिजेत. नाकाच्या आत एक नाणं चिकटवलं, पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोललं, आणखी एक चिकटवलं. मग ते बोटांवर सरळ उभं राहिलं. मांडवकरने त्या दिवशी माझी आयुष्यात पहिल्यांदा स्तुती केली. "बरं केलंस," असं म्हणाला.

हे सगळं चालू असताना त्याच्या मुलीचा, शालनचा, मला फोन यायचा. बापाला नाही, मला. तालुक्याच्या शिबिरात डॉक्टरांना मांडवकरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सापडला होता, आणि एक तर पिकलेला. आता थांबलात तर तो डोळा हाती लागणार नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. मांडवकर ऑपरेशनला तयार नव्हता. त्याच्या चुलत्याचा डोळा जुन्या काळी असाच टेबलावर गेला होता. वर नोकरीभर डोळ्यांच्या तपासणीत कधी नापास झाला नव्हता, त्याचा ताठा. विषय काढला की उठून बाहेर जायचा आणि स्कूटरला किक मारायचा.

"काका, तुमचं ऐकतील ते," शालन म्हणायची. "माझं नाही ऐकत. तुमच्या बेलवर गाडी चालवली त्यांनी आयुष्यभर."

मी तिला म्हणायचो, बघतो. पोरगी मला काका म्हणत मोठी झालेली. तिला काय सांगणार की तुझा बाप माझी बेल ऐकतो, माझं नाही.

उडवायला मांडवकर पटकन शिकला. एकदा वर गेलं की विमान सड्यावर गोल गोल फिरत राहायचं, आणि हा रिमोट छातीशी धरून, मान थोडी तिरकी करून उभा. इंजिनात काही आवाज आला की गाडीत असाच बसायचा. मी मात्र सतत बोलत असायचो, फार लांब गेलं, वळव, ढगात घालतोस काय. तो म्हणायचा, "गप रे मेल्या, ऐकू दे." मला वाटायचं, सवय.

घोडं अडायचं उतरताना. लांब जाणारं विमान आणि आपल्याकडे येणारं विमान यांत मोठी मेख असते. ते आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की त्याचं उजवं आपलं डावं होतं. मांडवकर उजवीकडे दांडा मारायचा, ते आमच्या डावीकडे पळायचं, तो घाबरून आणखी मारायचा, आणि मग करवंद. जमिनीजवळ आलं की त्याचे हात चाचपडायला लागत. मी त्याला हज्जारदा समजावलं, उलटं मार. तो चिडून म्हणायचा, गाडी कधी उलटी चालवली आहे का आपण?

एके दिवशी जाळीतून विमान काढताना दोघांचे हात ओरबाडले, आणि माझं टाळकं सटकलं. मी म्हणालो, तुला दिसत नाही, म्हणून उतरत नाही. ऑपरेशन करून घे आणि मग काय ते उडव.

त्याला ते फार लागलं. तो उगाच हीर मोजायला लागला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "शिमग्याला शालन येते. तोवर हे चाकांवर उतरवून दाखवलं, तर डोळ्यांचा विषय बंद. तू काढायचा नाहीस आणि तिलाही काढू द्यायचा नाहीस. नाही उतरलं, तर तू म्हणशील त्या दिवशी दवाखाना."

मी लगेच हात पुढे केला. मला कोण आनंद झाला. इतक्या दिवसांत एकदासुद्धा न उतरलेलं विमान आता काय उतरतंय, माझ्या मते ऑपरेशन झाल्यातच जमा होतं. रात्री शालनला फोन करून सांगूनही टाकलं की मुहूर्त बघ.

पुढचे दिवस मजेत गेले. रोज दुपार कलली की मांडवकर स्कूटर घेऊन दारात हजर. मी मागे बसायचो, विमान मांडीवर. सड्यावर जाऊन आपटायचं, घरी येऊन चिकटवायचं. तो आपटायचा आणि मी मनात एकेक शिटी वाजवायचो. मिलिंदने पार्सलने नवे पंखे पाठवले, तेही मोडले. शिमग्याची पालखी देवळाबाहेर पडायची वेळ आली आणि शालन दुसऱ्या दिवशी येणार असं कळलं. शेवटची दुपार उरली.

त्या दुपारी वर पोचल्यावर मांडवकरने स्कूटरच्या डिकीतून बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणि एक लाकडी दांडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे काय?"

"मागे घ्यायची आहे गाडी," तो म्हणाला. "ड्रायव्हर गाडी मागे घेतो तेव्हा कंडक्टर खाली उतरतो. नियम आहे."

मला आधी कळेना. मग त्याने समजावलं, आणि इतकं तो एका दमात बोललेला मी कधी ऐकला नव्हता. तो म्हणाला, विमान माझ्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं. म्हणून मी त्याच्याकडे बघणारच नाही. समुद्राकडे तोंड करून उभा राहतो, विमान माझ्या पाठीमागून येऊ दे. मग त्याचं उजवं ते माझं उजवं. मागे काय चाललंय ते तू सांग. आणि डावं-उजवं म्हणू नकोस, तुझा गोंधळ होतो. ड्रायव्हर साईड, क्लीनर साईड म्हण.

आम्ही गाडी मागे घ्यायचो ती अगदी अशीच. मी मागे उतरून पत्र्यावर हात मारायचो. दोन ठोके म्हणजे येऊ दे. एक ठोका म्हणजे थांब. बाजू सांगायची ती गाडीची, आपली नाही: ड्रायव्हर बसतो ती उजवी ड्रायव्हर साईड, डावी ती क्लीनर साईड. गाडी कुठेही तोंड करून उभी असो, ड्रायव्हर साईड ती ड्रायव्हर साईडच राहते. इतके दिवस माझ्याच धंद्यातली गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, आणि ह्याच्या डोक्यात आली ती पैजेच्या शेवटच्या दुपारी.

मी म्हणालो, पैज तुझी माझ्याशी आहे, आणि मीच तुला जिंकून देऊ?

"पैज पाष्ट्यांशी आहे," तो म्हणाला. "ड्युटीवर कंडक्टर आहे."

असं म्हणून त्याने विमान कातळावर ठेवलं आणि सोडलंसुद्धा.

ते वर गेलं, गोल फिरलं. मांडवकर समुद्राकडे तोंड करून पाय रोवून उभा राहिला. मी त्याच्या शेजारी, उलटं तोंड करून, काखेत डबा. विमान लांब वळलं आणि आमच्याकडे यायला लागलं.

मी दोन ठोके दिले. हाताने आपोआप दिले म्हणा ना.

त्याने पंख्याचा जोर कमी केला. विमान खाली यायला लागलं. "ड्रायव्हर साईड थोडी," मी म्हणालो, आणि ते शहाण्यासारखं सरळ झालं. दोन ठोके. "क्लीनर साईड, जराशी." तेही झालं. मला आता दिसत होतं की हे उतरणार. एकदा पंखा बंद करायचा ठोका वेळेवर मिळाला की हे चाकांवर उतरणार, आणि मांडवकर पैज जिंकणार, आणि त्याचा डोळा जाणार.

मांडवकरच्या पुढे सपाट जागा संपत होती तिथे करवंदीची जाळी होती. ठोका जरासा उशिरा दिला की विमान जाळीत. कोणालाही कळणार नव्हतं. मांडवकरची तर पाठ होती.

आणि नेमकी ती पाठ बघून मला अणुस्कुऱ्याचा घाट आठवला. पुढे दरड पडलेली, भोवती दाट धुकं, वळायला जागा नाही, गाडीत माणसं भरलेली. मांडवकरने ती गाडी घाटातून मागे घेतली होती, रुंद जागा मिळेपर्यंत. आरशात काही दिसतच नव्हतं. मी मागे दरीच्या कडेने चालत पत्र्यावर हात मारत होतो आणि तो नुसता ऐकत होता. खाली पोचल्यावर मी त्याला विचारलं होतं, भीती नाही वाटली? तर म्हणाला, तू खाली होतास ना.

मी एक ठोका दिला.

पंखा थांबला. विमान आमच्या बाजूने सुळकन पुढे गेलं, चाकं टेकली, एकदा उसळलं, पुन्हा टेकलं आणि थोडं घरंगळून मांडवकरच्या समोर, आठ-दहा पावलांवर, सरळ उभं राहिलं. पट्टी नाही, हीर नाही, ओरखडा नाही.

मी डबा खाली ठेवला. मला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींचा राग येत होता.

मांडवकरचा चेहरा उजळला. "उतरलं ना? आवाज आला मला. चाकांवर ना?"

"चाकांवर," मी म्हणालो.

"मग? कोण जिंकलं?" त्याने रिमोट गळ्यात अडकवला आणि ऐटीत समोर बघितलं. मग डावीकडे बघितलं. मग उजवीकडे. "कुठे गेलं? फार पुढे गेलं का?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. विमान त्याच्या अगदी समोर होतं.

तो चालायला लागला. जाळीकडे बघत, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, रुबाबात. मी तोंड उघडलं तोवर त्याचा पाय पडला होता. थर्माकोल मोडल्याचा आवाज आम्हा दोघांच्या चांगला ओळखीचा होता.

मांडवकर थांबला. हळूच पाय उचलला, खाली बसला आणि हाताने चाचपून विमान वर घेतलं. पहिल्यांदा धड उतरलेलं विमान त्याने स्वतःच्या पायाखाली मोडलं होतं.

"आभाळात काळं काळं दिसतं," तो म्हणाला. "आवाजावरून कळतं कुठे आहे ते. खाली आलं की मातीत जातं. काही दिसत नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

मला आधी त्याची दया आली. मग एकदम दुसरंच काही सुचलं. दिवाळीपासून मी रोज ह्याच्या स्कूटरवर मागे बसत होतो. मांडीवर विमान घेऊन, गप्पा मारत, उताराच्या रस्त्याने. मी त्याला तसं म्हणालो.

"रस्ता पाठ आहे मला," तो म्हणाला. "खड्डे पाठ आहेत. गाडी आली की आवाज येतो." मग तो मोडलेल्या पंखावरून बोट फिरवत राहिला. "माणूस चालत आला तर आवाज येत नाही, नाही का रे मास्तर?"

"नाही येत," मी म्हणालो.

"मी इतकी वर्षं गाडी चालवली. कोणाच्या कोंबडीलासुद्धा धक्का लावला नाही."

"ठाऊक आहे मला. मी होतो मागे."

त्याने खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मला स्कूटर येत नाही. सायकलसुद्धा येत नाही. सबंध आयुष्य मी दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत उभा राहून काढलेलं. हे आठवल्यावर आधी मांडवकर हसला आणि मग मीही हसलो, आणि डोळे पुसायची दोघांचीही सोय झाली.

स्कूटर आम्ही ढकलत खाली नेली. तो हँडल धरून, मी मागून. उतारावर मी म्हणत होतो, ड्रायव्हर साईड खड्डा, क्लीनर साईड दगड. सड्याच्या पायथ्याशी आल्यावर तो म्हणाला, पैज मी जिंकलो आहे, तेव्हा तू डोळ्यांचा विषय काढायचा नाहीस. मी म्हटलं, नाही काढत. तर म्हणाला, उद्या शालन आली की मीच काढतो.

थोडं पुढे गेल्यावर त्याने मान न वळवता म्हटलं, "ठोका उशिरा आला तुझा."

मी म्हणालो, वारा होता.

"वारा नव्हता," मांडवकर म्हणाला.

ऑपरेशनं दोन्ही डोळ्यांची झाली, आधी पिकलेल्याचं. चुलत्यासारखं काही झालं नाही. पट्टी निघाल्यावर, घरी आल्या आल्या त्याने विमान मागवलं, उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "हे कोणी चिकटवलं? सगळीकडे गोंद ओघळलाय. आंधळ्याने चिकटवल्यासारखं." शालन पदर तोंडात घालून आत पळाली.

महिन्याभराने डॉक्टरांनी उन्हात जायची परवानगी दिली, तेव्हा आम्ही पुन्हा सड्यावर गेलो. स्कूटर त्यानेच चालवली, आणि मी पूर्वीसारखाच पुढचा रस्ता न बघता मागे बसलो. विमान छान उडालं. आता तो त्याच्याकडे बघत होता, मान सरळ ठेवून, आणि लहान मुलासारखं मला दाखवत होता, ती बघ पट्टी सुटली आहे शेपटीची. उतरवायची वेळ झाली तेव्हा मात्र त्याने विमानाकडे पाठ केली आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

"अरे, आता दिसतंय ना तुला?" मी म्हणालो.

"दिसतंय की," मांडवकर म्हणाला. "डबा डिकीत आहे, घेऊन ये."